खाली दवाखाना, वर घर

नेहमी मी किल्ले, वेढे, जुने नकाशे असलं काहीतरी घेऊन येतो. आज त्यातलं काहीच नाही. आज 'ड्युटी संपणं' या गोष्टीचा इतिहास सांगायचाय. इमर्जन्सीत काम करणारा डॉक्टर घरी जातो म्हणजे नक्की कुठे जातो, आणि तो घरी नसतो तेव्हा घर कोण चालवतं, एवढंच. (ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी: अडखळलो ते काढून टाकलंय, दोन-चार वाक्यं सरळ केलीत, बाकी बोललो तसंच आहे.)

हा विषय का घेतला ते आधी सांगतो. मी पुण्यात हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे दर सहा आठवड्यांनी ऑन-कॉलचा आठवडा येतो. रात्री तीनला अलर्ट आला की उठायचं, लॅपटॉप उघडायचा, सर्व्हिस रीस्टार्ट करायची, परत झोपायचं. मागच्या दिवाळीत मालेगावला घरी गेलो होतो, तर नेमका तोच आठवडा. फराळ करता करता मी रडगाणं गात होतो की माणसाला आयुष्य उरलेलं नाही वगैरे. समोर माझी ताई बसली होती. ती बीएएमएस डॉक्टर आहे, मालेगावातच सरकारी नोकरीत इमर्जन्सीला असते. तिने शांतपणे विचारलं, "तुझा सर्व्हर मेला की परत चालू होतो ना रे?"

मी गप्प. पप्पा मोठ्याने हसले. पण हसता हसता त्यांनी छातीवर हात ठेवला, आणि मग आम्ही सगळेच गप्प झालो. त्याचं कारण पुढे येईल.

तर, इतिहास. आपल्याकडे डॉक्टरच्या घराची सगळ्यात मोठी गोष्ट १८९७ सालची आहे आणि ती पुण्याच्या हडपसरजवळची आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि वर्ष संपेपर्यंत पुण्यात पोहोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये रँड साहेब प्लेगच्या कामासाठी पुण्यात आला. सोजिरांच्या घरझडत्या, माणसं उचलून विलगीकरणात नेणं, आणि जूनमध्ये रँडवर गोळी, हे सगळं आपण शाळेत वाचलंय. त्याच महिन्यांत गावाबाहेर दुसरं एक काम चालू होतं. ते शाळेत एका ओळीत संपतं.

जोतीराव फुले १८९० मध्ये गेले होते. सावित्रीबाई पासष्टीच्या पुढे. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर झालेला, लष्कराच्या वैद्यकीय सेवेत. तो रजा घेऊन आला आणि हडपसरच्या बाजूला ससाणे मळ्यात त्याने प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. सावित्रीबाई स्वतः रुग्ण आणायच्या. मुंढव्याचा एक लहान मुलगा, पांडुरंग गायकवाड, त्याला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यातून त्यांनाच लागण झाली. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

आता एक क्षण 'थोर समाजसेविका' हे शब्द बाजूला ठेवा आणि यशवंतच्या जागी उभे राहा. तू रजेवर आहेस. म्हणजे कागदावर तू ऑफ-ड्युटी आहेस! आणि सुट्टीत तू प्लेगचा दवाखाना चालवतोयस. तुझी आई तिथे नर्स आहे, अँब्युलन्स आहे, आणि शेवटी पेशंट पण आहे. घर कुठे संपलं आणि दवाखाना कुठे सुरू झाला? पुढे काही वर्षांनी प्लेगच्याच कामात यशवंतही गेला. मला ही गोष्ट लहानपणी शौर्याची वाटायची. आज तिशीकडे आलो तेव्हा तिची भीती वाटते, खरं सांगतो.

दुसरं नाव डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरचा मुलगा, जन्म १९१०. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक युद्धग्रस्त चीनमध्ये गेलं, त्यात हा होता. तिथे असतानाच घरून वडील गेल्याची बातमी आली. तो परतला नाही, काम चालू ठेवलं. तिथेच ग्वो चिंगलान या नर्सशी लग्न केलं, ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी कोटणीस गेला. मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा. व्ही. शांतारामांनी त्याच्यावर सिनेमा काढला, पोस्टाची तिकिटं निघाली. तो मुलगाही पुढे डॉक्टरकी शिकत होता आणि शिकता शिकताच १९६७ मध्ये गेला. चिंगलान मात्र २०१२ पर्यंत जगली. म्हणजे सत्तर वर्षं. या सत्तर वर्षांवर कुणी सिनेमा काढला नाही. आणि सोलापूरला वडिलांच्या मागे घर कुणी सावरलं, हे सिनेमात तुम्ही शोधून दाखवा.

मी कोटणीसांना नावं ठेवत नाहीये हं. कमेंटमध्ये तुटून पडू नका. माझं म्हणणं इतकंच की आपण डॉक्टरच्या त्यागाची गोष्ट सांगतो तेव्हा घरच्यांचं काम त्यात धरतच नाही. 'काम आणि घर यांचा तोल' हा शब्दप्रयोग आत्ताचा आहे. तो तोल पूर्वीही कुणीतरी सांभाळतच होतं. फक्त त्या माणसाचं नाव कुठल्या पाटीवर नव्हतं.

पाटीवरून आठवलं. आमच्या सोयगावात, मी लहान असताना, आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुमजली घर होतं. खाली दवाखाना, वर घर. तुमच्याही गावात असेल. डॉक्टरकाका खाली बसायचे, काकू वर. पण खरं तर दवाखाना काकूच चालवायच्या. रात्री दार वाजलं की आधी काकू उठणार, खिडकीतून विचारणार, "काय झालंय? ताप आहे की उलट्या?" ताप असेल तर सकाळी या. श्वास लागला असेल, विंचू चावला असेल, पोर निळं पडलं असेल तर काकांना उठवायचं. याला आज मोठ्या हॉस्पिटलात ट्रायाज म्हणतात आणि त्याचं ट्रेनिंग असतं. काकू सातवी शिकलेल्या.

काकांच्या पाटीवर डिग्री होती, फी पाच रुपये होती, वेळ होती सकाळी नऊ ते एक, संध्याकाळी पाच ते नऊ. त्या वेळेला काही अर्थ नव्हता हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

आता जरा मालेगावबद्दल, कारण बाहेरच्यांना मालेगाव म्हटलं की दोनच गोष्टी माहीत असतात: बॉम्बस्फोट आणि 'सुपरमॅन ऑफ मालेगाव'. मोसम नदी गावाच्या मधून जाते. एका बाजूला कॅम्प, संगमेश्वर, सोयगाव, बहुतेक हिंदू वस्ती. दुसऱ्या बाजूला जुनं गाव, बहुतेक मुस्लिम, आणि यंत्रमाग. १८५७ नंतर उत्तरेतून विणकर इथे आले, हातमाग आणले, मग यंत्रमाग आले. आज लूमचा खडखडाट हाच गावाचा श्वास आहे. लूमवर पाळी बारा तासांची. दिवसपाळी, रातपाळी. आणि सुट्टी शुक्रवारी. म्हणजे हे गाव शिफ्ट काय असते ते पिढ्यान्‌पिढ्या ओळखून आहे. भोंगा झाला की माग एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात. डॉक्टरकीला मात्र भोंगा नव्हता.

नव्हता म्हणजे मुद्दामच ठेवला नव्हता. हा भाग मला वाचताना सगळ्यात जास्त चक्रावून गेला. आपण 'रेसिडेंट डॉक्टर' म्हणतो ना, मार्डचे संप होतात तेव्हा पेपरात येतं. रेसिडेंट म्हणजे काय? राहणारा. अमेरिकेत बाल्टिमोरला १८८९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल सुरू झालं. तिथे ऑस्लर आणि हॉल्स्टेड या दोघांनी तरुण डॉक्टर घडवायची जी पद्धत बसवली, तीत तो डॉक्टर हॉस्पिटलातच राहायचा. खरोखर राहायचा. लग्न करू नये अशीच अपेक्षा. म्हणजे घराचा प्रश्न त्यांनी कसा सोडवला, तर घरच काढून टाकलं! आणि हा हॉल्स्टेड, अतोनात काम करणारा म्हणून ज्याचं नाव, त्याला आधी कोकेनचं आणि मग आयुष्यभर मॉर्फिनचं व्यसन होतं. आमच्या क्षेत्रात यावर म्हणतील, सिस्टिमचं डिझाइनच चुकीच्या बेंचमार्कवर झालंय.

पुढे १९८४ मध्ये न्यूयॉर्कला लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी हॉस्पिटलात दाखल झाली आणि काही तासांत गेली. तिला बघणारे डॉक्टर शिकाऊ होते, लांबलचक ड्युटीवर, आणि त्याच वेळी इतर बरेच पेशंट सांभाळत होते. तिचे वडील पत्रकार होते. त्यांनी हा विषय सोडला नाही. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने नियम केला: आठवड्याला ८० तासांच्या वर नाही. २००३ मध्ये तो अख्ख्या अमेरिकेत लागू झाला. ८० तास हा दिलासा होता, यावरून आधीचं काय असेल ते समजा.

आपल्याकडे? ५ जून १९९२ चं केंद्र सरकारचं पत्रक आहे, रेसिडेंट डॉक्टरांसाठी. सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांच्या वर नको, आठवड्याला ४८ तास. १९९२! म्हणजे माझ्या जन्माच्या आधीचं. ताईला हे दाखवलं तेव्हा तिने फोन हातात घेतला, दोनदा वाचलं आणि म्हणाली, "फॉरवर्ड कर, आमच्या ग्रुपवर जोक म्हणून टाकते."

आता अँब्युलन्सकडे येतो. 'एकशेआठ' हा नंबर तुम्हाला आज पाठ आहे, पण तो फार जुना नाही. २००५ मध्ये हैदराबादला सुरू झाला, आणि सुरू करणारा कोण तर सत्यम कॉम्प्युटर्सचा रामलिंग राजू. होय, तोच घोटाळेवाला. आयटीवाल्यांनी जगाला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी हे सांगतो, आणि घोटाळ्याचा भाग गाळतो. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये आली: ९३७ गाड्या, त्यातल्या २३३ सगळ्या यंत्रणेच्या आणि ७०४ साध्या. कंट्रोल रूम पुण्याला औंधमध्ये. महाराष्ट्राची खासियत अशी की प्रत्येक गाडीत डॉक्टर. आणि तो बहुतेक वेळा ताईसारखा बीएएमएस असतो.

म्हणजे २००६ मध्ये मालेगावात हे काहीच नव्हतं.

८ सप्टेंबर २००६. शुक्रवार, शब-ए-बारातचा दिवस. बडा कब्रस्तानजवळ दुपारच्या नमाजनंतर स्फोट झाले. तीसहून जास्त माणसं गेली, शंभराहून जास्त जखमी झाली. मी तेव्हा तिसरीत होतो. त्या खटल्यांचं पुढे काय झालं हा वेगळा आणि मोठा विषय आहे, आज त्यात जात नाही. आज फक्त जखमी दवाखान्यात कसे पोहोचले तेवढंच बघू. हातगाडीवर. रिक्षात. कुणाच्या तरी टेम्पोत. जे सापडेल त्यात. गावातल्या दवाखान्यांत जागा पुरली नाही, गंभीर जखमींना बाहेरगावी हलवावं लागलं. मग संचारबंदी लागली.

माझ्या आठवणीतला त्या दिवसाचा भाग एवढाच आहे: डॉक्टरकाका ताटावरून उठले. शेवग्याच्या शेंगांचं वरण होतं असं काकू नंतर सांगायच्या. बॅग घेतली, स्कूटर काढली आणि नदीपलीकडे गेले. कुणी बोलावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. काकूंनी त्यांना घरात घेतलं नाही, आधी मागच्या अंगणात बसवलं, डोक्यावरून पाणी ओतलं, कपडे तिथेच वेगळ्या बादलीत टाकले. काका बादलीकडे बघत बसले होते. आम्ही पोरं कुंपणावरून बघत होतो, तर काकू आमच्यावर ओरडल्या. त्या कधी ओरडायच्या नाहीत. नंतर जवळजवळ आठवडाभर काकांनी संध्याकाळचा दवाखाना उघडला नाही आणि दार वाजलं की काकू सांगायच्या, "डॉक्टरांना बरं नाही." गल्लीत कुणी विचारलं नाही काय झालंय म्हणून.

आता २०२०. हे तुम्हाला आठवतंय, त्यामुळे लॉकडाऊन वगैरे समजावत बसत नाही.

मालेगावात पहिले रुग्ण ८ एप्रिलला सापडले. त्याआधी नाशिक जिल्ह्यात मोजकेच होते, पहिला मार्चअखेर लासलगावकडे. आणि मग मालेगावचा आकडा असा चढला की मेच्या मध्यापर्यंत पाचशेच्या पुढे. एका खोलीत सात-आठ माणसं राहतात, खाली लूम, वर झोपायचं. अंतर ठेवा म्हणजे कुठे ठेवा? बंदोबस्ताला बाहेरून पोलिस आणि राज्य राखीव दलाचे जवान आले. त्यातले शंभराहून जास्त बाधित झाले. हिंगोली आणि जालन्याचे जवान ड्युटी संपवून आपापल्या तळावर परतले आणि तिथे रुग्ण सापडायला लागले. म्हणजे बघा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा असं झालं की ड्युटी संपवून परत जाणं हीच धोक्याची गोष्ट ठरली.

डॉक्टरांचंही तेच. गावातले कितीतरी खासगी दवाखाने एप्रिलमध्ये बंद होते. बाहेरून त्यांना भित्रे म्हणणं सोपं होतं, मीही म्हटलं. पण खाली दवाखाना, वर घर, घरात ऐंशी वर्षांची आई. तुम्ही शटर उघडलं असतं? याचा परिणाम मात्र भयंकर झाला. त्या एप्रिलमध्ये गावातल्या मृत्यूंचा आकडा आदल्या वर्षीच्या एप्रिलच्या दुपटीच्या आसपास गेला, आणि ते सगळे कोरोनाचे नव्हते. साखर, बीपी, हृदयविकार, डायलिसिस चुकलेलं. ज्यांना एरवी कोपऱ्यावरच्या डॉक्टरने वाचवलं असतं अशी माणसं. मग प्रशासनाने खासगी दवाखाने उघडायला लावले. हळूहळू साथ उतरली. पुढे 'मालेगाव पॅटर्न' आणि मन्सुरा काढ्याच्या बातम्या देशभर गेल्या. काढ्याने किती फरक पडला यावर माझा विश्वास कमी आहे, पण लोकांना धीर आला हे घरोघरी दिसत होतं.

ताई त्या एप्रिलपासून कोविड ड्युटीवर होती. तिचं सासर कॅम्पात. दाजी शाळेत शिक्षक, सासूबाईंना दमा, आणि माझी भाची तेव्हा तीन वर्षांची. ताईने पहिल्या दिवशीच ठरवलं की घरी जायचं नाही. एका मंगल कार्यालयात सोय केली होती, वधूपक्षाच्या खोलीत तिघी जणी. दाजी रोज संध्याकाळी पोरीला घेऊन गेटपाशी यायचे. ताई आत पायरीवर, पोर बाहेर स्कूटरवर. मध्ये पंधरा फूट. पहिल्या आठवड्यात पोर रडायची. दुसऱ्या आठवड्यात रडायची थांबली, "टाटा" करायची आणि दाजींना म्हणायची, चला घरी. ताई सांगते, रडत होती ते बरं होतं.

आणि आता पप्पांची गोष्ट. तारीख सांगत नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली एक दुपार. मी पुण्यात अडकलेलो. सोयगावच्या घरी पप्पा, आई आणि आजी. पप्पांना घाम फुटला, डावा हात दुखायला लागला. आईने ताईला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. ताई तेव्हा पीपीई किटमध्ये होती. तो सूट एकदा चढवला की सहा-सात तास ना पाणी, ना बाथरूम, ना फोन. फोन बाहेर पिशवीत वाजत होता. अकरा मिस्ड कॉल. मग आईने मला लावला. मी इंजिनिअर. मी काय करणार? मी गूगल केलं. खरंच, लाज वाटते सांगायला.

आईने गल्लीतल्या एका दवाखान्यात फोन केला, बंद. दुसऱ्यात केला, तोही बंद. मग ती चपला न घालता डॉक्टरकाकांकडे पळाली. काका तेव्हा चौऱ्याहत्तरचे. दवाखाना बंद करून सहा वर्षं झालेली. त्यांच्या मुलीने त्यांच्याकडून शपथ घेतली होती की घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. वरच्या खिडकीतून काकूंनी विचारलं, "काय झालंय?" आईने सांगितलं. काकूंनी आत वळून हाक मारली, "अहो, उठा."

काका आले. तोंडाला पंचा बांधलेला. बीपी बघितलं, गोळी चघळायला दिली, एक जिभेखाली ठेवली आणि आईला म्हणाले, वेळ घालवू नका, एकशेआठ लावा, मी बोलतो. गाडी किती वेळात आली ते आमच्या घरात कुणालाच आठवत नाही. आईला वाटतं तास झाला, आजीला वाटतं लगेच आली. गाडीत एक तरुण डॉक्टर होता. धुळं जवळ पडतं, पन्नास किलोमीटर, पण जागा नाशिकला मिळाली. शंभरावर किलोमीटर. आग्रा रोड पूर्ण रिकामा, राहूड घाटात एकही ट्रक नाही. तो डॉक्टर पूर्ण वेळ पप्पांच्या मनगटावर बोटं ठेवून बसला होता आणि मध्येच त्याचा स्वतःचा फोन वाजला तेव्हा पप्पांनी ऐकलं, तो म्हणत होता, "हो, जेवलो. तू जेव." तो जेवला नव्हता. डबा तसाच सीटखाली होता, पप्पांनी बघितला होता.

पप्पा वाचले. दोन स्टेंट आहेत.

ताईने सूट उतरवला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. तिने आईला फोन केला आणि पहिलं वाक्य बोलली, "ईसीजी पाठव." रडली नाही, सॉरी म्हणाली नाही. आई आजही कधीतरी म्हणते, परक्या डॉक्टरांनी केलं. ते वाक्य ताईच्या समोर कधी म्हणत नाही, पण ताईला माहीत आहे. पाच वर्षं त्यावर घरात कुणी बोललं नव्हतं. दिवाळीत पप्पा छातीवर हात ठेवून हसले तेव्हा गप्प झालो ते यासाठी.

या एपिसोडसाठी मी ताईला विचारलं, हे सांगू का? ती म्हणाली, सांग, पण मला बिचारी करू नकोस. मग तिने जे सांगितलं ते मी लिहून घेतलं. हॉस्पिटलातून निघाली की ती सरळ घरी जात नाही. मोसम पुलाच्या अलीकडे एक चहाची टपरी आहे, तिथे गाडी लावते आणि दहा मिनिटं उभी राहते. चहा घेतेच असं नाही. टपरीवाल्याला माहीत आहे, तो काही बोलत नाही. घरी आधी अंघोळ, कपडे वेगळ्या बादलीत. ही बादलीची पद्धत तिने काकूंकडून उचलली, हे तिला मी सांगेपर्यंत लक्षात आलं नव्हतं. घरी कुणी विचारायचं नाही, आज काय झालं. ती स्वतः सांगेल तेव्हा ऐकायचं. दाजी भात लावतात. फोनला दोन रिंगटोन आहेत: एक हॉस्पिटलची, एक आईची. सूट घालायची वेळ आता येत नाही, तरी ड्युटीवर तिचा फोन बाहेरच्या सिस्टरकडे असतो आणि सिस्टरला सांगून ठेवलंय, ही दुसरी वाजली तर आत येऊन सांगायचं. मी विचारलं, मग त्या दिवशी तुला कळलं असतं तर आली असतीस का? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आत एकोणीस पेशंट होते. नसते आले बहुतेक. पण कळायला हवं होतं."

मी यावर काहीतरी शहाणपणाचं बोलणार होतो, कोटणीसांचं वगैरे. नशीब बोललो नाही.

हे आमचं बोलणं सोयगावच्या घरी रेकॉर्ड होत होतं. फाइल माझ्याकडे आहे. सव्वीसाव्या मिनिटाला फोन वाजतो. पहिली रिंगटोन. ताई "बोला" म्हणते, "किती जण?" विचारते, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. सुट्टी होती तिला त्या दिवशी. आजी आतल्या खोलीतून अहिराणीत ओरडते, "आते कथा जाई राह्यनी?" आत्ता कुठे निघालीस म्हणून. उत्तर येत नाही, स्कूटर सुरू झाल्याचा आवाज येतो. मग बराच वेळ नुसता पंखा. मग माझी भाची, आता आठ वर्षांची, स्वयंपाकघरातून विचारते, "मम्मीची भाकरी झाकून ठेवू की गरम करायला लागेल?" आणि पप्पा सांगतात, "झाक."

पुढच्या भागात मालेगावच्या किल्ल्याकडे परत येतो, नारोशंकर आणि १८१८ चा वेढा, आधी कबूल केल्याप्रमाणे. भेटू.